वागळे इस्टेटला पुस्तकाची खबर कशी लागते?

२०२४च्या जूनमध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला जाहीर झाला आणि पुढचे काही दिवस एकच बातमी फिरत राहिली: तुळजापूरच्या शिलाईकाम करणाऱ्या तरुणाला अकादमीचा मान. घरची ओढाताण, शिलाई मशीन, शिक्षणासाठीचे कष्ट, सगळं छापून आलं. ते यायलाच हवं होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही ती बातमी मोबाइलवरून हातोहात पोचली. पण रेडीमेड कपड्यांच्या रेट्यात शिंपीकाम कसं उसवत जातं, हे ती कादंबरी कोणत्या भाषेत सांगते, पुस्तक कुणी काढलं, केवढ्याला मिळतं, ठाण्यात कुठे मिळेल, यातलं त्या बातम्यांमध्ये फारच थोडं होतं. लेखक आमच्यापर्यंत आला, पुस्तक वाटेतच राहिलं.

नवं पुस्तक, नवा लेखक, नवी मुलाखत यांची खबर सामान्य वाचकापर्यंत कशी पोचते, कुठे अडते, हा या लेखाचा विषय आहे. ती वागळे इस्टेटमधून पाहायचं कारण इतकंच की मी इथे राहतो, आणि साहित्याच्या नकाशावर या वस्तीची नोंद क्वचितच होते. ठाण्याच्या वाङ्मयीन जीवनाबद्दल लिहिणारे नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोड, गडकरी रंगायतन यांच्याबद्दल लिहितात. पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडून तीन हात नाक्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला, सहसा कुणी येत नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ला स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची अगदी पहिली औद्योगिक वसाहत. त्याच १९६२ साली नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला. कामगाराच्या वस्तीतून आलेला कवी मराठीत ठामपणे उभा राहत होता, तेव्हाच ठाण्याच्या या माळावर गाळ्यांचे आणि शेडचे पाये भरले जात होते. रस्त्यांना इथे नावं नव्हती, नंबर होते. आजही रोड नंबर १६, रोड नंबर २२ म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला पत्ता कळत नाही. साताऱ्याहून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेली माणसं किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर इथे राहिली. कारखाने पुढे बंद पडले, काही बाहेर गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारतींची आयटी पार्क आली. आता सकाळी शेअर रिक्षात लेथवर काम करणारा, विमा रुग्णालयातली परिचारिका, सिक्युरिटी गार्ड आणि लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेली मुलगी मांडीला मांडी लावून बसलेली असतात. यांच्यात वाचणारे नाहीत असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. वाचणारे आहेत. त्यांना विचारायला कुणी येत नाही, एवढंच.

आणि हा जिल्हा वाचनाच्या बाबतीत मुळीच मागास नव्हता. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. १८६६ला ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र सुरू झालं. १ जून १८९३ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करायचा, छापलं गेलेलं मराठी पुस्तक एका छपराखाली आणायचं, हा विचार तेव्हा नवा होता. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ला आलं. ठाण्याच्या संस्थेमागे विनायक लक्ष्मण भावे होते, ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते. तेव्हा ते ऐन विशीत होते. जुनी कविता लोकांसमोर यावी म्हणून त्यांनी पुढे ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिकही काढलं. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा माणूस आधी ग्रंथालय उभं करतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काय काय लिहिलं गेलंय हे माहीत असल्याशिवाय त्याचा विचार करता येत नाही, आणि माहीत करून देण्याची व्यवस्था कुणीतरी उभी करावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

ती व्यवस्था पुढे नियतकालिकांनी चालवली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ला ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तुमच्या हातातला हा अंक त्याच परंपरेतला. ‘सत्यकथा’ने नवा लेखक घडवला आणि १९८२ला ती बंद झाली, त्याबद्दल भरपूर लिहून झालं आहे. मला इथे सांगायचंय ते ‘ललित’बद्दल. केशवराव कोठावळे यांनी १९६४च्या जानेवारीत सुरू केलेलं हे मासिक ग्रंथप्रेमी वाचकासाठी होतं. कोणतं पुस्तक आलं, कोणतं येतंय, लेखक सध्या काय लिहितो आहे, प्रकाशकाच्या मनात काय आहे, हे सगळं त्यात असे. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यविश्वाची जी खबरबात देत, तिने लेखकांना जमिनीवर आणलं आणि वाचकांना त्यांच्या जवळ नेलं. परभणी, सावंतवाडी, बेळगाव, कुठेही बसलेल्या वाचकाला त्या पानांमुळे मुंबई-पुण्याच्या गप्पांत बसायला जागा मिळाली. १९७४ला सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने पुढचं पाऊल टाकलं: पुस्तक घेऊन वाचकाच्या गावी जायचं. तिला वाचक चळवळ म्हणत, आणि ती खरोखर चळवळ होती.

आज काय उरलं आहे? ‘ललित’ आहे, ‘साधना’ आहे, ‘शब्द रुची’, ‘मुक्त शब्द’, साहित्य परिषदांच्या पत्रिका आहेत. भानू काळे यांच्या ‘अंतर्नाद’सारखं जिव्हाळ्याने चाललेलं मासिक मात्र थांबलं. रविवारच्या पुरवण्यांत परीक्षणं येतात, पण जागा आक्रसत गेली आहे, आणि बरीचशी परीक्षणं पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर जरा लांबवून लिहिल्यासारखी असतात. एखादं पुस्तक फसलं आहे, असं नाव देऊन, कारणं देऊन सांगणारं परीक्षण शेवटचं कधी वाचलं ते आठवून पाहा. परीक्षण लिहिणाऱ्याला मानधन नगण्य, पुस्तक वाचायला आठवडा जातो, आणि लेखक दुखावला तर वर्षभराचं वैर. तरीही जे मनापासून लिहीत आहेत त्यांचं ऋण मोठं आहे.

या पोकळीत जी बातमी शिरते ती वादाची. २०१९च्या जानेवारीत यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, तेव्हा पहिल्या पानावर साहित्य होतं. २०२२च्या डिसेंबरात कोबाड घांदी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने रद्द केला, तेव्हाही होतं. दोन्ही वेळा ते व्हायलाच हवं होतं; लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता आणि दोन्ही निर्णय चुकीचे होते, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. लोकसाहित्य आणि कविता यांवर त्यांचं केवढं मोठं काम आहे, ते किती वाचकांना त्या निमित्ताने कळलं?

नंदा खरे यांचं उदाहरण तर जीव हळहळवणारं आहे. २०२०चा अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘उद्या’ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिलं, म्हणून आपण काही वर्षांपासून पुरस्कार घेत नाही, अशी त्यांची भूमिका होती. नकाराची बातमी घरोघर गेली. पण येऊ घातलेल्या काळात तंत्रज्ञान, पाळत आणि पैसा माणसाचं काय करतील, याचा विचार करणारी ही कादंबरी वागळेच्या आयटी पार्कमधल्या मुलामुलींनी सर्वांत आधी वाचायला हवी होती. २०२२च्या जुलैत खरे गेले. ‘उद्या’ मात्र आजही वाचता येते.

खरं तर गेल्या काही वर्षांतली अकादमीची मराठी यादी हातात घेतली, तर वागळे इस्टेटसाठीच कुणीतरी पुस्तकं निवडली आहेत असं वाटावं. २०२३चा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला. धरणाने उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीला शोधायला पुन्हा त्या मुलखात जातो, एवढाच तिचा धागा. पण विस्थापन माणसाच्या आणि जनावराच्या अंगात कसं मुरतं, ते खोत ज्या बोलीत सांगतात, तिला तोड नाही. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांच्या घरच्यांची शिवारं गेली, अशी माणसं या जिल्ह्यात आणि या वस्तीतही आहेत. २०२२चा पुरस्कार प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला. सिंधुदुर्गातला बाहुल्यांचा खेळ करणारा कलावंत आणि त्याच्याभोवती आवळत जाणारं वर्तमान. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या ओळखीचा मुलूख. २०२१ला किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला; खेड्यातून बाहेरच्या शिक्षणात येऊन पडलेल्या मुलाची घुसमट किसननगरच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही. २०२४ला सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला. ज्येष्ठ समीक्षकाचं काम म्हणून त्याचं मोल आहेच, पण नवख्या वाचकाने सुरुवात तिथून करू नये.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जयंत पवार. ‘अधांतर’ नाटकात त्यांनी संपानंतरचं गिरणी कामगाराचं घर रंगमंचावर आणलं, आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२चा अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१च्या ऑगस्टमध्ये ते गेले. परळ-लालबागबद्दल त्यांनी जे केलं, ते वागळे इस्टेटबद्दल अजून कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही. इथले बंद पडलेले गाळे, थकलेली देणी, युनियनच्या गेटमीटिंगा, कंत्राटावर आलेली दुसरी पिढी, हे सगळं एखाद्या मोठ्या कादंबरीचं सामान आहे. ती लिहिणारा किंवा लिहिणारी इथेच कुठेतरी असणार. पण आपल्यासारख्यांबद्दल लिहिलं गेलंय हे ज्याला वाचायला मिळत नाही, त्याला आपलं जगणं लिहिण्याजोगं आहे हे कळायला फार वेळ लागतो. म्हणून पुस्तकाची खबर वेळेवर पोचणं ही केवळ सोयीची बाब नाही.

आता मुलाखतींबद्दल. लेखकाचं बोलणं त्याच्याच तोंडून ऐकायची भूक मराठी माणसाला जुनी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमाने लेखक-कलावंतांना चाळीतल्या सामाईक टीव्हीसमोर आणून बसवलं. पार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पांना ठाणे-डोंबिवलीहून माणसं लोकलने जात. ठाण्याने स्वतःचे कट्टे उभे केले: घंटाळीच्या जिजामाता उद्यानात बुधवारी भरणारा आचार्य अत्रे कट्टा, आझादनगरचा ब्रह्मांड कट्टा, जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला. विनातिकीट, उघड्यावर, समोर खुर्च्या मांडून माणसं येतात आणि ऐकतात. असं किती शहरांत होतं? ठाण्याने याचा अभिमान बाळगावा. अडचण वेळेची आहे. बुधवारच्या संध्याकाळी मुंबईहून परतणारा अजून लोकलमध्ये उभा असतो आणि वागळेतला कामगार पाळीवर असतो, त्यामुळे समोरच्या खुर्च्यांवर निवृत्त मंडळीच अधिक दिसतात.

ही कसर मोबाइलने भरून काढली. यूट्यूबवर ‘थिंक बँक’सारख्या वाहिन्यांवर लेखक, अभ्यासक तासतासभर बोलतात. रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड केबिनमध्ये ते ऐकताना मी पाहिला आहे. मुलाखती आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होतात. मात्र मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असणं दुर्मीळ होत चाललं आहे. ‘लिहावंसं कसं वाटलं’, ‘नव्या पिढीला काय सांगाल’, ‘एआयमुळे साहित्य संपेल का’ हे प्रश्न कोणत्याही लेखकाला विचारता येतात, म्हणजेच ते कोणत्याच लेखकाला विचारलेले नसतात. पॅरिसमध्ये १९५३ला सुरू झालेल्या ‘द पॅरिस रिव्ह्यू’ने पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि तेव्हापासून एक शिस्त पाळली: मुलाखतकार लेखकाचं सगळं वाचून जातो, लिखित मसुदा लेखकाला दाखवतो, दोघं मिळून तो पक्का करतात. त्या मुलाखती सत्तर वर्षांनंतरही वाचल्या जातात. आपल्याकडे काही दिवाळी अंकांतल्या दीर्घ मुलाखती त्याच तोडीच्या असतात, आणि माझ्या मते दिवाळी अंकाने आज जपावा असा हाच प्रकार आहे. कथा-कविता इतरत्रही छापून येतील. पंधरा पानांची तयारीची मुलाखत दुसरं कुणी छापणार नाही.

वाचनाची साधनं बदलली याबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी मी नाही. किंडलवर २०१६च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळू लागली. २०१७ला स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी ऐकणाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झाला. ठाणे स्टेशनपासून वागळेपर्यंतच्या टीएमटीत कानात वायर घालून बसलेला प्रत्येक जण गाणीच ऐकत असतो असं नाही. ठाण्यातूनच चालणारं ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं मराठी ई-पुस्तकं विनामूल्य वाचकांच्या फोनवर पाठवतं आहे. ज्यांच्या खोलीत पुस्तक ठेवायला फळी नाही त्यांच्यासाठी हे मोठं काम आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी: फोनवर येणारी नव्या पुस्तकाची खबर बहुतेक वेळा प्रकाशकाने किंवा लेखकाने स्वतः दिलेली असते. तीत निवड नसते. निवडीसाठी तिसरा माणूस लागतो, ज्याचा त्या पुस्तकात काही हितसंबंध नाही, फक्त रस आहे.

ग्रंथपाल हा असा तिसरा माणूस. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदानाची प्रदर्शनं भरवली, आपलं वाचून झालेलं पुस्तक द्या आणि दुसरं घेऊन जा. हजारो पुस्तकं त्यातून हिंडली. एखाद्या खासगी लायब्ररीने गाव हलवावं हे मला सरकारी उत्सवांहून मोलाचं वाटतं. डोंबिवलीला तशी परंपराच आहे, पु. भा. भावे आणि श. ना. नवरे यांचं हे गाव. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी महाराष्ट्रात १९६७चा कायदा आहे, अनुदान आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत. पण अनुदान अपुरं आहे, त्यामुळे पगार तुटपुंजे आणि नव्या खरेदीला हात आखडता. गेल्या दोन-तीन वर्षांतलं चांगलं पुस्तक छोट्या वाचनालयात मागितलं तर नसतं, याचं कारण बहुधा तिथेच आहे.

साहित्य संमेलनं या भागाने भरपूर पाहिली. ठाण्यात १९६०ला रा. श्री. जोग, १९८८ला वसंत कानेटकर, २०१०ला उत्तम कांबळे अध्यक्ष होते. डोंबिवलीत २०१७ला अक्षयकुमार काळे. कांबळे मोलमजुरी करत शिकलेले पत्रकार-लेखक. त्यांचं ‘वाट तुडवताना’ इथल्या प्रत्येक कामगाराच्या घरात असायला हवं होतं. संमेलनात पुस्तकांची विक्री होते, गर्दी होते, मांडव उतरतो. २०२३पासून पुण्यात भरणारा पुस्तक महोत्सव मोठा आहे, पण तो पुण्याला आहे. मला वाटतं वागळेसाठी जुनीच एक यंत्रणा जागी करता येईल. १९५३च्या कायद्यातून उभं राहिलेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून ते चालतं, त्याची केंद्रं आहेत, वाचनालयं आहेत, नाट्यस्पर्धा आहे, कामगार साहित्य संमेलनही ते भरवतं. त्याच्या कामगार वाचनालयांत दर महिन्याला पाच नवी पुस्तकं आणि त्यांची फळ्यावर लिहिलेली चार ओळींची ओळख, एवढं झालं तरी रोड नंबर १६वर फरक दिसेल. रविवारी सकाळी, पाळी नसताना, एखाद्या लेखकाला बोलवावं. आयटी पार्कमधल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी पैसा खर्च करावा लागतोच. त्यातला काही पुस्तकांकडे वळवायला कुणी अडवलेलं नाही.

संपादकांना विनंती आहे की परीक्षण कितीही छोटं असो, प्रकाशक, पानं, किंमत आणि मिळण्याचं ठिकाण छापाच. कामगार वाचक त्याच ओळीवर पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतो. मुलाखतकारांना विनंती आहे की पुस्तक वाचून या. आणि वाचकहो, या दिवाळीत अंकांबरोबर जिवंत लेखकाचं एक पुस्तक विकत घ्या, एका वाङ्मयीन मासिकाची वर्षाची वर्गणी भरा, आणि आपल्या वाचनालयात जाऊन हव्या असलेल्या पुस्तकाचं नाव लेखी द्या. मागणी कागदावर आली की ग्रंथपालाला ती कार्यकारिणीपुढे ठेवता येते.